हिवाळ्याचे तीनशे पौंड आणि नातवाचे घर

वाचकाचे पत्र (थोडे संक्षिप्त करून):

«आम्ही दोघे वायव्य लंडनमधील हॅरो येथे राहतो. माझे वय ७७, यजमानांचे ८१. १९७१ साली आम्ही या देशात आलो आणि १९७६ साली भिशीचे आणि दिरांकडून उसने घेतलेले पैसे एकत्र करून हे सेमी-डिटॅच्ड घर १६,५०० पौंडांना घेतले. यजमान तेव्हा बसचालक होते आणि त्यांचा पगार वर्षाला ३,४०० पौंड होता. आज दलाल घराची किंमत सहा लाख वीस हजार सांगतात. यजमानांची सगळी पेन्शन मिळून वर्षाला २६ हजार होतात, माझे ११ हजार. मागच्या, म्हणजे २०२४-२५ च्या, हिवाळ्यात विंटर फ्युएल पेमेंट (निवृत्तांना हीटिंगसाठी मिळणारी सरकारी मदत) बंद झाले म्हणून आम्ही फक्त संध्याकाळी हीटिंग लावत होतो. फेब्रुवारीत यजमानांची छाती भरली आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. यंदा पैसे पुन्हा आले आहेत. पण दिवाळीला आलेला आमचा २९ वर्षांचा नातू म्हणाला, 'आजी, तुमच्या पिढीला घरेही मिळाली आणि वर गॅसचे पैसेही. आम्ही एका खोलीचे महिन्याला हजार पौंड भरतो.' तेव्हापासून ते पैसे खर्च करवत नाहीत. शिवाय ३५ हजारांच्या वर उत्पन्न असलेल्यांकडून ते परत घेणार असे ऐकले, आणि आमचे तर दोघांचे ३७ हजार होतात. पैसे परत करावेत का? नातू म्हणतो त्यात तथ्य आहे का? घर विकून त्याला मदत करावी का? माझी एक विधवा मैत्रीण भाड्याच्या घरात राहते, तिचे तर आमच्याहून कठीण आहे; तिच्यासाठीही काही सुचवा.»

आदरणीय ताई, सादर नमस्कार.

ज्या प्रश्नाचे उत्तर अगदी स्पष्ट आहे, तो आधी घेते. हे पैसे तुमचे आहेत आणि ते कोणीही परत मागणार नाही. ३५ हजारांची मर्यादा प्रत्येक व्यक्तीच्या करपात्र उत्पन्नाला स्वतंत्रपणे लागू होते, पतिपत्नींच्या बेरजेला नव्हे. यजमानांचे २६ हजार आणि तुमचे ११ हजार, दोन्ही मर्यादेच्या बरेच खाली आहेत. एका घरात ८० वर्षांवरील एक आणि त्याहून लहान एक अशी दोन पात्र माणसे असली, तर थोरल्यास २०० आणि धाकट्यास १०० पौंड मिळतात, म्हणजे तुमच्या घरी एकूण ३०० पौंड आले असणार. ज्यांचे स्वतःचे उत्पन्न ३५ हजारांहून एका पौंडानेही जास्त असते, त्यांच्याकडून त्यांची पूर्ण रक्कम नंतर करखाते वसूल करते, बहुतेकदा टॅक्स कोड, म्हणजे पेन्शनमधून किती कर कापायचा ते ठरवणारा क्रमांक, बदलून. मात्र एका गोष्टीकडे लक्ष द्या, कारण आपल्या अनेक घरांत ती विसरली जाते: पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट असून त्याचे भाडे येत असेल, तर इथल्या रहिवाशाला ते इथेही दाखवावे लागते आणि ते या ३५ हजारांत धरले जाते. आयसा या करमुक्त बचत खात्यातील व्याज मात्र धरले जात नाही. आणि या रकमेसाठी 'अर्ज करा', 'बँकेचा तपशील कळवा' असा कोणताही संदेश फोनवर आला, तर तो फसवणुकीचा समजून पुसून टाका; पैसे सहसा आपोआप खात्यात जमा होतात.

आता तुमच्या मनाला लागलेल्या गोष्टीकडे वळते. तुमची अस्वस्थता मला खोटी वाटत नाही. नातवाच्या पिढीवर घराच्या बाबतीत अन्याय झाला आहे, हे मी कोणताही आडपडदा न ठेवता मान्य करते. पण ती अस्वस्थता चुकीच्या रकमेवर येऊन बसली आहे. तुमच्या तीनशे पौंडांनी त्याचे घर हिरावून घेतलेले नाही, आणि ते परत केल्याने त्याला घर मिळणारही नाही. ते फक्त सरकारी तिजोरीत जातील आणि तुमच्या घरात पुन्हा थंडी शिरेल.

ही मदत १९९७ साली तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी सुरू केली, तेव्हा ती सर्वसाधारण निवृत्तांना अवघी २० पौंड होती. २००० साली ती २०० पौंडांवर गेली, २००३ पासून ८० वर्षांवरील व्यक्ती असलेल्या घराला ३०० पौंड मिळू लागले, आणि मधल्या काही वर्षांतली तात्पुरती भर सोडली तर मूळ रकमेत आजवर वाढ झालेली नाही. महागाईच्या हिशेबाने ती गेली पंचवीस वर्षे सतत आटत आली आहे. याउलट, सर्वसाधारण घराच्या वर्षभराच्या वीज-गॅस बिलाची नियामकाने ठरवलेली मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये १,७५५ झाली. जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री झालेल्या रेचल रीव्ह्ज यांनी ही मदत पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या निवृत्तांना मिळणारी पूरक मदत) किंवा तशाच अन्य गरजाधारित मदती घेणाऱ्यांपुरती मर्यादित केली, आणि इंग्लंड व वेल्समधील सुमारे एक कोटी निवृत्त एका फटक्यात वगळले गेले. श्रीमंतांना ही मदत कशाला, हा प्रश्न योग्यच होता. परंतु जी रेषा ओढली ती फार खाली ओढली, आणि पेन्शन क्रेडिटच्या मर्यादेहून आठवड्याला चार-पाच पौंड जास्त मिळवणारी माणसेही तीत 'श्रीमंत' ठरली. टीका इतकी झाली, की जून २०२५ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली आणि आजची ३५ हजारांची व्यवस्था आली. माझ्या मते ती पूर्वीपेक्षा बरीच न्याय्य आहे. तुम्ही त्या मर्यादेच्या आत आहात, म्हणून संकोच करण्याचे कारण नाही.

संकोचाची किंमत तर तुम्ही एकदा मोजलेली आहे. ज्येष्ठांसाठी राहत्या खोलीचे तापमान किमान १८ अंश असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखाली रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो आणि श्वसनमार्गाचे संसर्ग लवकर होतात. तुमच्या यजमानांची छाती मागच्या फेब्रुवारीत भरली, त्याचे एकमेव कारण थंड घर होते असे मी इथे बसून म्हणू शकत नाही, परंतु ८१ वर्षांच्या माणसाने दिवसभर थंड खोलीत बसणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. बैठकीची खोली आणि झोपण्याची खोली दिवसाही १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. वापरात नसलेल्या खोलीचा रेडिएटर कमी ठेवा, पण अगदी बंद करू नका, कारण हॅरोमधील त्या काळच्या विटांच्या घरांत बंद खोलीला लगेच ओल धरते. तीनशे पौंड त्यासाठीच खर्च करा.

यजमानांना अंघोळ, कपडे घालणे, जिना चढणे अशा गोष्टींसाठी तुमची मदत लागत असेल, तर अटेंडन्स अलाउन्स या, रोजच्या कामांत मदत लागणाऱ्या ज्येष्ठांसाठीच्या, सरकारी भत्त्यासाठी नक्की अर्ज करा. त्याला उत्पन्नाची वा बचतीची अट नाही, त्यावर कर नाही आणि तो ३५ हजारांत धरला जात नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षात तो आठवड्याला ७३.९० किंवा, गरज जास्त असल्यास, ११०.४० पौंड होता. मदतीची गरज साधारण सहा महिन्यांपासून असावी लागते. फोन करून अर्ज मागवलात आणि तो सहा आठवड्यांत भरून पाठवलात, तर फोन केल्याच्या तारखेपासून पैसे धरतात. आपल्याकडे बायका हे सगळे 'संसारातलेच' म्हणून करतात आणि अर्जात 'तसे ते स्वतःचे स्वतः करतात' असे लिहून मोकळ्या होतात, आणि अर्ज नाकारला जातो. चांगल्या दिवसाचे वर्णन लिहू नका. ज्या दिवशी तुम्ही हात दिल्याशिवाय त्यांना उठता येत नाही, त्या दिवसाचे लिहा.

आता नातवाच्या म्हणण्याविषयी. तुम्ही १९७६ चा पगार आणि घराची किंमत दोन्ही लिहून पाठवलीत, हे फार बरे केलेत, कारण सगळी गोष्ट त्या दोन आकड्यांत आहे. तुमचे घर यजमानांच्या जवळपास पाच वर्षांच्या पगाराइतके होते. आज लंडनमधील बसचालकाला तेव्हाच्या साधारण दहापट पगार मिळतो, पण तेच घर सदतीसपटींहून महाग झाले आहे. म्हणजे त्याच कामावरच्या माणसाला तेच घर घ्यायला अठरा वर्षांचा सगळा पगार लागेल. तुमच्या एका घराची ही गोष्ट देशभराच्या आकड्यांतही दिसते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या हिशेबाने इंग्लंडमध्ये मध्यम किमतीचे घर १९९७ साली मध्यम वार्षिक पगाराच्या साडेतीनपट होते, २०२१ मध्ये ते नऊपटींवर गेले आणि २०२४ मध्ये थोडे खाली येऊन ७.७ पट झाले. लंडनमध्ये ते अजूनही अकरापटींच्या आसपास आहे.

तुम्ही त्याला सांगत असाल की आम्हीही सोसले आहे, तर तेही खरेच आहे. घर घेऊन तीन-एक वर्षे होतात तोच, नोव्हेंबर १९७९ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर १७ टक्क्यांवर गेला. तुमच्या आधी आलेल्या आपल्या लोकांना तर वर्णामुळे घर नाकारले जाई, आणि १९६८ च्या कायद्यापर्यंत ते बेकायदाही नव्हते. भिशी लावून घर घेण्याची वेळ काही सुखाने आलेली नव्हती. परंतु त्या काळच्या महागाईने एक काम तुमच्या बाजूने केले. पगार दरवर्षी झपाट्याने वाढत गेले आणि कर्जाचा आकडा तोच राहिला, त्यामुळे दहा-बारा वर्षांत ते कर्ज पगारापुढे लहान झाले. नातवाच्या वाट्याला हे येणार नाही. त्याची अडचण हप्त्याच्या आधीच सुरू होते: हजार पौंड भाडे दिल्यावर उरलेल्यातून घर घेताना सुरुवातीला स्वतः भरायची पन्नास-साठ हजारांची अनामत साठवायची कशी?

हे कसे झाले, याला कोणी एक पिढी जबाबदार आहे असे मला वाटत नाही. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, घरांतील भाडेकरूंना ती घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि एकट्या इंग्लंडमध्ये जवळपास वीस लाख घरे विकली गेली. लाखो सामान्य कुटुंबांचे त्यात भले झाले. पण विकलेल्या घरांच्या जागी कौन्सिलांना तितकी नवी घरे बांधू दिली नाहीत, आणि चूक तिथे झाली. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून भाड्याने देण्यासाठी घर घेणाऱ्यांना सोपी कर्जे मिळू लागली, पुढे २००९ पासून व्याजदर कित्येक वर्षे तळाशी राहिले, आणि स्वस्त कर्जाने जास्त घरे बांधली जाण्याऐवजी आहेत त्याच घरांच्या किमती वर गेल्या. हॅरोच्या उत्तरेला हरित पट्टा, म्हणजे बांधकामावर कडक बंधने असलेली शहराभोवतीची मोकळी जमीन, सुरू होतो. तिथे बांधकामाला विरोध करणाऱ्या सह्यांची निवेदने तुमच्याही दारी आली असतील. माझी एक विनंती आहे: पुढच्या वेळी सही करण्यापूर्वी नातवाच्या भाड्याचा विचार करा. पेन्शनधारकांनी तरुणांसाठी काही करायचे असेल, तर गॅसचे पैसे परत करण्यापेक्षा याचा उपयोग फार मोठा आहे, कारण सध्याच्या सरकारने या संसदेच्या काळात पंधरा लाख घरे बांधण्याचे जे उद्दिष्ट ठेवले आहे, ते अशाच स्थानिक विरोधात अडकते.

राहिला प्रश्न घर विकण्याचा. इथे मी तुम्हाला घाई न करण्याचा सल्ला देते, आणि तो का देते हे जरा सविस्तर सांगते.

अनेकांना असे वाटते की घर आत्ताच नातवाच्या नावावर केले म्हणजे वारसा कर वाचेल. तुमच्या बाबतीत वाचवण्यासारखा करच बहुधा नाही. प्रत्येकाची ३,२५,००० पौंडांची मूळ सवलत आणि राहते घर मुलानातवंडांना जात असेल तर आणखी १,७५,००० पौंडांची सवलत, अशी दोघांची मिळून दहा लाख पौंडांपर्यंतची मालमत्ता करमुक्त राहू शकते. उलट, घर दुसऱ्याच्या नावावर करून तुम्ही त्यात बिनभाड्याने राहत राहिलात, तर करखाते ते तुमचेच समजते, आणि उद्या नातवाचे लग्न मोडले किंवा त्याच्यावर कर्ज झाले तर तुमचे छप्पर धोक्यात येते. याशिवाय वृद्धाश्रमाचा खर्च आहे. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असलेल्याला तो स्वतः करावा लागतो. पतिपत्नींपैकी एक जण घरात राहत असेपर्यंत घर त्यात धरत नाहीत, पण नंतर धरतात. आणि खर्च चुकवण्यासाठी मालमत्ता देऊन टाकली असे कौन्सिलला वाटले, तर ती मालमत्ता तुमचीच धरली जाऊ शकते, आणि त्यासाठी किती मागे पाहायचे याला कालमर्यादा नाही. भेट दिल्यावर देणारा सात वर्षे जगला तर ती करमुक्त, हा नियम वारसा कराचा आहे, तो इथे लागू पडत नाही. ही गल्लत मी इतक्या वेळा पाहिली आहे, की ती मुद्दाम लिहावीशी वाटते.

लहान घरात जाणे हा निराळा विचार आहे, आणि तो मला अयोग्य वाटत नाही, पण तो नातवासाठी नव्हे तर यजमानांच्या गुडघ्यांसाठी आणि तुमच्या हीटिंगच्या बिलासाठी करा. समजा, सहा लाख वीस हजारांना घर विकून तुम्ही चार लाखांचा बंगलो, म्हणजे इथले जिना नसलेले छोटे एकमजली घर, घेतलात. स्टॅम्प ड्युटी दहा हजार होईल, दलाल, वकील आणि सामान हलवणे यांत आणखी दहा-पंधरा हजार जातील, आणि हाती दोन लाखांच्या थोडे खाली उरतील. त्यातला मोठा भाग तुमच्या पुढच्या काळजीसाठी राखून ठेवला तरी नातवाच्या अनामतीला खरा हातभार लागू शकतो. फ्लॅट घेत असाल तर मात्र सर्व्हिस चार्जचा गेल्या काही वर्षांचा हिशेब मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका. लिफ्ट आहे म्हणून घेतलेल्या फ्लॅटचा हा खर्च पेन्शनला झेपेनासा झाल्याची उदाहरणे आपल्याच लोकांत आहेत. घर न विकता त्यावर कर्ज काढून देण्याची जी योजना टीव्हीवर दाखवतात, तिचे व्याज वर्षानुवर्षे चढत जाते. स्वतंत्र सल्लागाराशी बोलल्याशिवाय आणि तुमच्या मुलीला न सांगता ती घेऊ नका.

घर न हलवताही एक चांगला मार्ग आहे. नातू चाळिशीच्या आत आहे, म्हणून तो लाइफटाइम आयसा उघडू शकतो. त्यात वर्षाला ४,००० पौंडांपर्यंत भरता येतात आणि सरकार त्यावर २५ टक्के, म्हणजे १,००० पौंडांपर्यंत भर घालते. हे पैसे साडेचार लाख पौंडांपर्यंतच्या पहिल्या घरासाठी वापरता येतात. इतर कारणाने साठीच्या आधी काढले तर दंड बसतो. तुम्हा दोघांना वर्षाला प्रत्येकी ३,००० पौंड वारसा कराचा विचार न करता भेट देता येतात. तुमच्या बचतीला धक्का न लावता वर्षाला हजार-दोन हजार देणे शक्य असेल, तर ते या खात्यात जाऊ द्या. आणि त्याला मान्य असेल तर तुमच्या रिकाम्या खोलीत तो वर्ष-दोन वर्षे येऊन राहू शकतो. हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने बेकर स्ट्रीट काही लांब नाही. महिन्याचे हजार पौंड वाचले, तर दोन वर्षांत चोवीस हजार होतात, आणि यजमानांना रात्री काही झाले तर घरात एक तरुण माणूस असेल. यात कोणी कोणावर उपकार करत नाही. स्वयंपाक, पाहुणे, उशिरा येणे-जाणे याविषयी मात्र तो येण्यापूर्वीच मोकळेपणाने बोलून घ्या.

यातले काहीही ठरवण्यापूर्वी मुलीला आणि इतर नातवंडांना एकत्र बसवा. एकाला दिलेले पैसे पुढे सगळ्यांच्या मनात राहतात. दिवाळीच्या त्या वाक्याचा राग धरू नका, पण ते ऐकले नाही असेही दाखवू नका. त्याला तुमच्या घराचे आकडे दाखवा आणि म्हणावे, तुझे म्हणणे घराबद्दल बरोबर आहे, गॅसबद्दल नाही. आजोबांना रुग्णालयात का ठेवावे लागले होते, हेही त्याला कदाचित पुरते माहीत नसेल.

मैत्रिणीबद्दल तुम्ही शेवटी लिहिलेत, पण सर्वांत तातडीचे काम तेच आहे. ती एकटी आहे, भाड्याने राहते आणि तुम्ही पुढे लिहिल्याप्रमाणे तिची पेन्शन आठवड्याला २०५ पौंड आहे, बचत आठ हजार. एकट्या व्यक्तीचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या खाली असेल तर पेन्शन क्रेडिट ते तिथपर्यंत भरून काढते; २०२५-२६ मध्ये ही मर्यादा आठवड्याला २२७.१० पौंड होती, म्हणजे त्या हिशेबाने तिला आठवड्याला २२ पौंडांच्या वर, वर्षाला अकराशेहून अधिक मिळू शकतात. 'बँकेत पैसे आहेत म्हणून मिळणार नाही' हा तिचा समज चुकीचा आहे. पहिले दहा हजार पौंड धरतच नाहीत. आणि खरा फायदा त्या बावीस पौंडांच्याही पुढचा आहे, कारण पेन्शन क्रेडिट मिळाले की हाउसिंग बेनिफिटमधून भाड्याला आणि कौन्सिल टॅक्सला मोठी मदत होते, पुढच्या हिवाळ्यापासून वीजबिलात १५० पौंडांची सूट मिळू शकते, आणि तापमान सलग सात दिवस सरासरी शून्य किंवा त्याखाली राहिले तर २५ पौंड वेगळे येतात. तिला पंचाहत्तर पूर्ण झाली की टीव्हीचा परवानाही मोफत होईल. अर्ज मागील तीन महिन्यांपर्यंतचा धरता येतो, त्याहून जुने पैसे बुडतात, म्हणून जितके आठवडे ती थांबेल तितके नुकसान आहे. ती दरवर्षी हिवाळ्यात कोल्हापूरला जाते असे तुम्ही लिहिले आहे. तिला सांगा की विंटर फ्युएल पेमेंटसाठी सप्टेंबरमधल्या ठरलेल्या आठवड्यातली स्थिती पाहतात, पण पेन्शन क्रेडिट साधारणपणे चार आठवड्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिल्यास थांबते, आणि जाताना कळवले नाही तर दिलेले पैसे परत मागतात. कायमचे भारतात परतण्याचा विचार असेल तर स्टेट पेन्शन त्या दिवशीच्या आकड्यावर गोठते, पुढची वार्षिक वाढ तिला मिळणार नाही, हेही तिने धरून चालावे. अर्ज फोनवर होतो आणि दुभाषी मागता येतो. इंग्रजीत बोलायचे म्हणून ती टाळत असेल, तर या आठवड्यातच तिला घरी बोलावून घ्या आणि तुम्ही शेजारी बसून तो फोन करा.